नवशिक्यांसाठी लिहिलेला पाठ नवशिक्याच्या शेजारी बसून तपासता का?

जास्वंद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी संगणकावर मराठी टाइप करायला शिकवणारा एक पाठ लिहिला. इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांसाठी ठरवून दिलेली कळांची मांडणी), विंडोज, आणि वाचणारी माणसं म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी टायपिंग केलेलं नाही अशी. अकरा पानं, छत्तीस स्क्रीनशॉट. ओळखीतल्या दहा-बारा जणांना पाठवला. सगळ्यांनी "छान झालाय" असं कळवलं. महिन्याभराने लक्षात आलं की त्यातल्या एकानेही टायपिंग सुरू केलेलं नाही.

ते लक्षात आलं खालच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. काकू एकाहत्तर वर्षांच्या आहेत, जन्मभर शिवणकाम केलं. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यांना पाठ आहेत, वहीत उतरवल्याही आहेत. नातीकडे पाठवायच्या तर टाइप व्हायला हव्यात, अशी त्यांची फार इच्छा. मी विचारलं, "काकू, पाठ वाचलात का?" म्हणाल्या, "वाचला गं. पण ते काही माझ्याच्याने व्हायचं नाही."

मला ते फार लागलं. जी बाई नुसत्या मापावरून कटोरीचं ब्लाउज बेतते, तिला "के" च्या कळीवर "क" आहे एवढं जमू नये? म्हणजे अडचण काकूंमध्ये नव्हती, माझ्या लिखाणात होती.

मग एका दुपारी मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. पाठ त्यांच्यासमोर, वही माझ्या हातात. मनाशी ठरवलं होतं की काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही, फक्त त्या कुठे थांबतात ते टिपायचं. दीड तासात चौदा जागी थांबल्या.

सुरुवातच बघा. पहिली दोन पानं मी युनिकोड म्हणजे काय, इनस्क्रिप्ट कधी आला, १९९१ च्या भारतीय मानकात त्याला जागा कशी मिळाली यावर लिहिली होती. काकूंनी ती मन लावून वाचली आणि विचारलं, "हे पाठ करायचंय का?" शिवणाच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी जे सांगतात ते पाठ करायचं असतं, तसंच हेही असणार असं त्यांना वाटलं. त्यातच वीस मिनिटं गेली.

पुढे मी लिहिलं होतं, "विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबा." काकू कीबोर्डवर "स्पेस" असं लिहिलेली कळ शोधत राहिल्या. त्या लांब कळीवर काहीच लिहिलेलं नसतं, हे मी गेल्या वीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल, पण दिसलं नव्हतं.

"शिफ्ट दाबून के" हे वाक्यही असंच. त्यांनी शिफ्ट दाबली, सोडली, मग के दाबला. "ख" ऐवजी "क" आला. दोनदा, तीनदा. वाक्य त्यांनी अगदी शब्दशः पाळलं होतं. "दाबून धरा, धरलेलीच असू दे, दुसऱ्या हाताने के ला टिचकी मारा, मग दोन्ही सोडा" असं मी लिहायला हवं होतं.

सगळ्यात वाईट वाटलं ते "दिवा" लिहिताना. आपण हाताने ऱ्हस्व वेलांटी लिहितो तेव्हा ती अक्षराच्या आधी असते. काकूंनी तशीच आधी वेलांटी दाबली. पडद्यावर ठिपक्यांचं एक वर्तुळ आलं, त्याला वेलांटी चिकटलेली. काकूंनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "मोडलं का गं काही?" माझ्या अकरा पानांत त्या वर्तुळाबद्दल एक अक्षर नव्हतं. मी नेहमी बरोबरच टाइप करते, त्यामुळे मला ते वर्तुळ कधी दिसतच नाही. आणि जे मला दिसत नाही ते पाठात आलं नाही.

आणखी एक. मी सगळीकडे "हलन्त" लिहिलं होतं. काकू तो शब्द ओलांडून पुढे जात होत्या. शेवटी मीच मौन मोडलं आणि म्हटलं, "काकू, अक्षराचा पाय मोडायचा." "अगं मग पाय मोडायचा असं लिही की!"

आता मी तो पाठ पहिल्यापासून पुन्हा लिहितेय. तुमच्यापैकी पुष्कळ जण काही ना काही शिकवणारं लिहिता: विणकाम, पाककृती, बागकाम, संगणक. तुमचा वाचक कुठे अडतो हे तुम्हाला कसं कळतं? आणि कळल्यावर लिखाणात काय बदल केलात?

दोन_सुया

ताई, ते ठिपक्यांचं वर्तुळ वाचून काटा आला अंगावर. आमच्या क्रोशाच्या जगातही असंच एक वर्तुळ आहे.

मी क्रोशाचे नमुने मराठीत लिहून देते. पहिल्या वर्षी एका मुलीने माझा रुमाल करायला घेतला आणि तो ताटाएवढा व्हायच्या ऐवजी बशीएवढा झाला. शोधल्यावर कारण सापडलं. मी मूळ टाक्यांची इंग्रजी नावं तशीच ठेवली होती. अमेरिकेत ज्याला "सिंगल क्रोशे" म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये "डबल क्रोशे" म्हणतात, आणि अमेरिकन "डबल" म्हणजे ब्रिटिश "ट्रेबल". मी अमेरिकन नावं वापरली, ती ब्रिटिश पुस्तकावरून शिकलेली. दोघींचंही बरोबर आणि रुमाल चुकला. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याच्या अगदी वर, सुईचा नंबर लिहायच्याही आधी, नावं कुठली धरली आहेत ते लिहिते. आणि शक्यतो साखळी, खांब असंच लिहिते, प्रत्येकाचा जवळून काढलेला फोटो लावून.

दुसरी गोष्ट, प्रत्येक ओळीच्या शेवटी आकडा. "इथे आता २४ खांब दिसायला हवेत. २३ असतील तर ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या तुम्ही खांब म्हणून मोजलेल्या नाहीत." हा आकडा नसला तर चूक दुसऱ्या ओळीत होते आणि कळते नवव्या ओळीत. मग उसवायच्या सात ओळी. नवीन शिकणारी उसवत बसत नाही, पिशवीत भरून माळ्यावर टाकते.

जास्वंद

@दोन_सुया, "इथे आता हे दिसायला हवं" हे मी उचलतेय. माझ्या पाठात प्रत्येक पायरीला "हे करा" होतं, "केल्यावर हे दिसेल" एकदाही नव्हतं. काकू दर टिचकीनंतर माझ्या तोंडाकडे बघायच्या. बरोबर झालं की नाही हे सांगणारं दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतंच.

बांधावरून

मी आमच्या गावच्या लोकांसाठी ई-पीक पाहणीची माहिती लिहून व्हॉट्सॲपवर पाठवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, २०२१ च्या खरिपापासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाईलवरून करायची, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, आणि ती नोंद गाव नमुना बारावर (सातबाऱ्यातला पिकांचा भाग) जाते.

पहिल्या हंगामात मी सगळं घरी खुर्चीत बसून लिहिलं. पायऱ्या एकदम बरोबर. पण लोक शेतात गेले तेव्हा काय झालं? भर उन्हात स्क्रीन दिसेना. हात चिखलाचे. रेंज कधी आहे, कधी नाही. ॲप गट नंबर आणि खाते नंबर विचारतंय आणि सातबारा घरी पत्र्याच्या पेटीत. एक म्हातारे आजोबा दोन किलोमीटर चालत परत आले नुसता खाते नंबर बघायला.

आता माझ्या माहितीचे दोन भाग आहेत. "घरी बसून करायचं" आणि "शेतात उभं राहून करायचं". घरच्या भागात पहिलीच ओळ: सातबारा काढा, गट नंबर आणि खाते नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, कागद खिशात ठेवा. फोन चार्ज करा. ॲप घरीच उतरवून नाव नोंदणी घरीच उरका. शेतातला भाग मुद्दाम पाच ओळींचा ठेवलाय, कारण उन्हात सहावी ओळ कोणी वाचत नाही.

लिहिणाऱ्याने एकदा तरी तिथे उभं राहून बघावं जिथे वाचणारा उभा राहणार आहे. मी दुसऱ्या वर्षी बांधावर बसून लिहिलं, तेव्हा कुठे नीट झालं.

ऐकून_वाचते

मला दिसत नाही. मी एनव्हीडीए हा वाचक वापरते, तो पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतो. शिकवणारे पाठ मी खूप वाचते, कारण माझं कामच संगणकावर आहे. जास्वंदताई, तुमचे छत्तीस स्क्रीनशॉट वाचून मला माझं नेहमीचं आठवलं. "खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे लाल बाणाच्या जागी क्लिक करा." माझ्या कानात येतं, "चित्र". बस. पुढची पायरी.

तीन गोष्टी कळकळीने सांगते. चित्र जरूर लावा, पण चित्रात जे आहे ते वाक्यातही येऊ द्या: बटणाचं नाव काय, ते कशाच्या नंतर येतं. "उजवीकडचं निळं बटण" याने मला काही कळत नाही, "पुढे जा नावाचं बटण" म्हटलं की मी ते पाच सेकंदात शोधते. चित्राला पर्यायी मजकूर द्यायची सोय असते, तिथे "स्क्रीनशॉट १२" लिहू नका, त्या चित्रात काय बघायचंय ते लिहा.

दुसरं, मथळे. मी एच ची कळ दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारते, तुम्ही नजरेने पान चाळता तसंच. तुम्ही नुसतं अक्षर ठळक करून मथळ्यासारखं दिसेल असं केलंत तर माझ्यासाठी तिथे मथळा नसतो, अकरा पानं एकसंध भिंतीसारखी उभी असतात.

तिसरं, टाइप करायचा मजकूर कधीही फक्त चित्रात देऊ नका. मला तो मिळतच नाही, आणि डोळस माणसालाही तो कॉपी करता येत नाही.

आणि एक. तुमच्या काकूंना "स्पेसबार" सापडली नाही, ती मला कोणी चित्राने दाखवू शकलं नसतं. मला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "दोन्ही अंगठे जिथे आपोआप टेकतात ती." काकूंनाही हे वाक्य चालेल.

जास्वंद

@ऐकून_वाचते, "दोन्ही अंगठे जिथे आपोआप टेकतात ती." हे वाक्य तुमच्या परवानगीने जसंच्या तसं घेतेय. चित्रांचं आजच रात्री बघते. छत्तीसपैकी निम्म्या चित्रांची गरजच नाही असं आता वाटतंय.

कळफलक

पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅन्युअल्स लिहिण्याचं काम करतो, सतरा वर्षं झाली. तुम्ही काकूंच्या शेजारी बसून जे केलंत ते या क्षेत्रात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन कॅरोल नावाच्या संशोधकाने आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात केलं होतं. ऑफिसात काम करणारी माणसं त्या वेळच्या वर्ड प्रोसेसरवर शिकताना तो आणि त्याचे सहकारी शेजारी बसून बघायचे. त्यांना दिसलं की माणसं क्रमाने वाचतच नाहीत. प्रस्तावना, आढावा, सगळं ओलांडून थेट काहीतरी करून बघायला धावतात, चुकतात, आणि चुकल्यावर पुस्तकात त्या चुकीचं नाव सापडत नाही म्हणून गुंततात. मग त्यांनी पुस्तिका छाटून अगदी लहान केली, खऱ्या कामापासून सुरुवात केली, आणि चुकलं तर बाहेर कसं पडायचं ते त्याच जागी लिहिलं.

तुमचं ठिपक्यांचं वर्तुळ हे त्याचंच उदाहरण. ते शेवटी "अडचणी आणि उपाय" या प्रकरणात टाकू नका. ज्या ओळीवर वेलांटी आहे त्याच ओळीखाली टाका: "ठिपक्यांचं वर्तुळ आलं? काही मोडलेलं नाही. वेलांटी अक्षराच्या आधी पडली आहे. बॅकस्पेस दाबा, आधी द, मग वेलांटी."

इतिहासाची दोन पानंही फेकू नका, फक्त उचलून वेगळी ठेवा. डॅनिएले प्रोचिदा याने तांत्रिक लेखनाचे चार वेगळे प्रकार मांडलेत: हात धरून शिकवणारा पाठ, एखादं काम कसं करायचं ते सांगणारी कृती, संदर्भ, आणि समजावणं. चारही लागतात, पण एकाच पानात कालवले की एकही धड राहत नाही. कीबोर्डचा पूर्ण तक्ता हा संदर्भ आहे, काकूंना पहिल्या दिवशी तो बघून घाम फुटणार. त्याच काकू दोन महिन्यांनी तो भिंतीवर चिकटवतील.

खडू_फळा

मी थोडा वेगळा सूर लावतो. माफ करा, लांब होईल.

बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. या धाग्यावर सगळे पायऱ्या लहान करा, कारणं छाटा असं म्हणताहेत. मला काळजी वाटते. नुसत्या पायऱ्या पाळणारा माणूस पायरी हलली की पडतो. जास्वंद, तुम्ही काकूंना "ख साठी शिफ्ट-के, घ साठी शिफ्ट-आय, ध साठी शिफ्ट-ओ" असं चाळीस वेळा सांगणार का?

इनस्क्रिप्ट हा फार विचार करून बेतलेला कीबोर्ड आहे. त्याची रचना आपल्या वर्णमालेवर उभी आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. डाव्या हाताच्या कळीवर साधी टिचकी मारली की मात्रा येते, शिफ्ट धरली की तोच पूर्ण स्वर: एफ ला ऱ्हस्व वेलांटी, शिफ्ट-एफ ला इ. उजव्या हाताला क-ख, ग-घ, च-छ, ज-झ, ट-ठ, ड-ढ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. दहाही जोड्या एकेका कळीवर आहेत. साध्या टिचकीला अल्पप्राण, शिफ्ट धरली की महाप्राण.

हे काकूंना कसं सांगायचं? व्याकरणाचे शब्द वापरू नका. त्यांना तळहात तोंडासमोर धरायला सांगा आणि "क" म्हणायला सांगा, मग "ख". "ख" ला हातावर हवेचा झोत लागतो. "प" आणि "फ" म्हणून बघा, "त" आणि "थ" म्हणून बघा. झोत लागला की शिफ्ट. ज्या बाईला ओव्या येतात तिच्या तोंडाला हे सगळं आधीपासून येतं, तिला फक्त दाखवून द्यायचंय.

जोडाक्षरांचंही तसंच. तीन पानं कशाला? पहिलं अक्षर, डी च्या कळीने त्याचा पाय मोडायचा, मग दुसरं अक्षर. रस्ता: र, स, पाय मोड, त, काना. पत्र: प, त, पाय मोड, र. सूर्य: स, दीर्घ उकार, र, पाय मोड, य. रफार असो की पोटात घुसणारा र, कोणाचा पाय आधी मोडला एवढाच फरक. क्ष म्हणजे क, पाय मोड, ष. बोलताना जो क्रम तोच टाइप करताना. आणि मग तुमचं वेलांटीचं वर्तुळही आपोआप सुटतं, कारण "दि" म्हणताना "द" आधी येतो, "इ" नंतर.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगावी लागेल, नाहीतर ओव्यांत घोटाळा होईल. "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना". पहिल्यात रफार, साध्या र चा पाय मोडून. दुसऱ्यात शिफ्ट-जे वरचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. "वाऱ्यावर", "दऱ्या" असे शब्द ओव्यांत हमखास येणार.

जास्वंद

सर, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मग खाली गेले आणि काकूंना तळहात धरायला लावला. "ख" म्हटल्यावर त्यांनी हात बाजूला करून माझ्याकडे पाहिलं, मग क, ख, ग, घ करत प, फ, ब, भ पर्यंत स्वतःच गेल्या. नंतर "शिफ्ट धरायची ना आता?" असं त्यांनीच विचारलं. "झ" त्यांनी मला न विचारता काढला.

म्हणजे मी कारणं सगळीच काढून टाकत होते ते चूक होतं. १९९१ चं मानक काकूंच्या हाताला काही करू देत नाही, तो हवेचा झोत करू देतो. पुढची टिचकी कुठे पडेल हे ज्या कारणाने कळतं ते पाठात राहील, बाकीची वेगळ्या पानावर. @कळफलक यांच्या चार प्रकारांशी हे जुळतं का?

कळफलक

जुळतं. सरांनी दिलेलं कारण एकच आहे आणि चाळीस पायऱ्या वाचवतं. अशी कारणं हवीतच. फक्त क्रम सांभाळा. झोताचं सूत्र पहिल्या पाच मिनिटांत नको. आधी एखादा शब्द पडद्यावर उमटू दे.

तंत्रनिकेतन

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प कोणी वापरलाय का? प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेला. मी विद्यार्थ्यांना लिब्रेऑफिस त्यावरूनच शिकवतो. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, भारतीय भाषांमध्ये आवाज दिलेले, मराठीतही. पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर. थोडं बघायचं, थांबवायचं, आपण करायचं.

त्यांची लिहिण्याची पद्धत या धाग्यासाठी महत्त्वाची आहे. संहिता दोन रकान्यांत लिहितात: एकीकडे पडद्यावर काय घडतंय, दुसरीकडे काय बोलायचं. आणि ध्वनिमुद्रणाच्या आधी ती संहिता, ज्याला तो विषय येत नाही अशा माणसाकडून करून बघतात. तुमच्या काकूंची ती दुपार त्यांनी कामाचा नेहमीचा टप्पाच करून टाकली आहे.

दोन रकान्यांचा प्रयोग मी मुलांना प्रयोगवही लिहायला लावताना करतो. डावीकडे "मी काय केलं", उजवीकडे "काय दिसलं". उजवा रकाना रिकामा राहिला की पायरीत काहीतरी गाळलंय हे लगेच कळतं.

ठेव_पावती

बँकेतून निवृत्त झालो, आता ज्येष्ठ नागरिक संघात फोनवरून पैसे कसे पाठवायचे ते शिकवतो. एकच मुद्दा मांडतो, पण तो जिवाभावाचा आहे.

आमच्या पाठात चूक झाली तर रुमाल बशीएवढा होत नाही, खातं रिकामं होतं. म्हणून धोक्याची सूचना मी कधीच शेवटी लिहीत नाही. पिनचा पडदा येतो त्याच पायरीत लिहितो: "हा पिन पैसे देण्यासाठी आहे. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. तुम्हाला पैसे येणार आहेत असं सांगून कोणी पिन घालायला लावत असेल तर फोन ठेवा." शेवटच्या पानावरची सूचना वाचेपर्यंत माणसाने पिन घातलेला असतो.

आणि स्क्रीनशॉट टाकताना स्वतःचा खाते क्रमांक, मोबाईल, क्यूआर कोड झाका. शिकणारा तुमचाच क्रमांक बघून भरतो, मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

म्युनिकहून

आई साताऱ्याला, मी इथे. शेजारी बसणं शक्य नाही. आम्ही असं करतो: मी लिहिलेल्या पायऱ्या ती फोनवर मोठ्याने वाचते आणि करते, मी नुसता ऐकतो. ती जिथे वाचता वाचता थांबते, किंवा आवाज खाली जातो, तिथे मी पेन्सिलने खूण करतो. लांब राहणाऱ्यांनी करून बघा. आवाजातला तो थांबा फार अचूक असतो. "कळलं का?" असं मात्र विचारू नका, आई नेहमी हो म्हणते.

जास्वंद

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला धडा पुन्हा लिहिला, तो इथे देतेय. फक्त पहिला. काकूंनी एकदा करून झालाय, पण त्यांना आता थोडं येतं, त्यामुळे त्या नवशिक्या राहिल्या नाहीत. मला कोणीतरी नवं माणूस हवंय.

धडा पहिला: तीन शब्द (चहा उकळेपर्यंत होतो)

हाताशी हवं: विंडोज असलेला संगणक, त्यात मराठी कीबोर्ड आधी घातलेला. घातलेला नसेल तर घरातल्या कोणाकडून किंवा "तयारी" या वेगळ्या पानावरून घालून घ्या. घालताना "विंडोजची भाषा मराठी करा" अशा अर्थाची चौकट दिसली तर ती रिकामी ठेवा, नाहीतर संगणकाच्या सगळ्या सूचना मराठीत होतील. कीबोर्डच्या यादीत "मराठी" हवं, "मराठी फोनेटिक" नको. तो वेगळ्या पद्धतीचा आहे.

१. नोटपॅड उघडा. पांढरं कोरं पान दिसेल, त्यात एक उभी रेघ लुकलुकत असेल.

२. कीबोर्डच्या सगळ्यात खालच्या ओळीत, डावीकडे, चार चौकोनांचं चित्र असलेली कळ आहे. ती डाव्या हाताने दाबून धरा. सोडू नका.

३. ती धरलेली असतानाच लांब कोरी कळ दाबा, दोन्ही अंगठे जिथे आपोआप टेकतात ती. मग दोन्ही सोडा. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ "ईएनजी" ही इंग्रजी अक्षरं होती ती गेलेली दिसतील.

४. आता व्ही, सी, व्ही अशा तीन टिचक्या मारा. पडद्यावर दिसेल: नमन. इंग्रजी अक्षरं आली तर पायरी २ पुन्हा करा.

५. लांब कोरी कळ एकदा. शब्दांत जागा पडेल. मग एच, ओ, जे: पदर. पुन्हा जागा. मग आय, बी, एल: गवत.

झोत, शिफ्ट, पाय मोडणं यातलं काहीही या धड्यात नाही. ते दुसऱ्यात आणि तिसऱ्यात.

पडवी

मी इथे नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहितोय, तेही फोनला बोलून. वय अडुसष्ट. संगणक मुलाचा आहे, मराठी कीबोर्ड त्यानेच घालून दिलाय. तुमचा धडा आत्ता करून बघितला. तिसऱ्या पायरीवर अडकलो आहे. लांब कळ दाबली की एक छोटी यादी येते, काही कळेना म्हणून पुन्हा दाबली. मग व्ही दाबला तर इंग्रजीच येतंय. पायरी दोन पाच वेळा केली.

जास्वंद

पडवीकाका, तुम्ही थांबलात आणि नेमकं कुठे ते सांगितलंत, फार मोठं काम केलंत. ती यादी पाठात हवी होती. मी ती इतक्या वेगाने ओलांडते की मला दिसलीच नाही. चूक तुमची नाही. लांब कळीची प्रत्येक टिचकी यादीत एक घर पुढे नेते. तुमच्याकडे दोनच भाषा आहेत, म्हणून दुसऱ्या टिचकीला पुन्हा इंग्रजी. तिसरी पायरी बदलली:

३. ती धरलेली असतानाच लांब कोऱ्या कळीला एकच टिचकी मारा. भाषांची छोटी यादी दिसेल, ती दिसणं बरोबर आहे. यादीत "मराठी" वर रंगाची पट्टी असेल तर दोन्ही कळा सोडा. पट्टी दुसरीकडे असेल तर चौकोनांची कळ न सोडता लांब कळीला आणखी एक टिचकी.

पुन्हा करून बघता का? मी इथेच आहे.

पडवी

नमन पदर गवत

हे फोनवर बोलून नाही लिहिलं. संगणकावर. आता पुढचं पुन्हा फोनवरून बोलतोय: काना कुठल्या कळीवर आहे? मला नातवाचं नाव लिहायचंय, त्यात दोन काने आहेत.

जास्वंद

ई च्या कळीवर, काका. डाव्या हाताने. आधी अक्षर, मग काना.